ॲस्बेस्टॉसमुळे झालेला आजार आणि नुकसानभरपाई : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न बहुतेक करून मुलं विचारतात, सुना विचारतात. ज्याने आयुष्यभर ब्रेक लायनरच्या खात्यात, पत्र्यांच्या कारखान्यात किंवा बोटीच्या इंजिनरूममध्ये काम केलं तो स्वतः क्वचितच विचारतो, कारण दम लागणं हे त्याने वयावर किंवा बिडीवर ढकललेलं असतं. ही उत्तरं महाराष्ट्रातल्या कामगारांना आणि त्यांच्या घरच्यांना समोर ठेवून लिहिली आहेत. हा वकिली सल्ला नाही. पण वकिलाकडे जाताना काय घेऊन जायचं आणि काय विचारायचं, हे यातून कळावं अशी मनापासून इच्छा आहे.

वडिलांना निवृत्त होऊन वीस वर्षं झाली. आता कसला आलाय कामाचा आजार?

ॲस्बेस्टॉस हे बारीक तंतूंचं खनिज आहे आणि त्याच्या बाबतीत हे असंच घडतं. श्वासातून गेलेले तंतू फुप्फुसातच अडकून राहतात. शरीराला ते ना विरघळवता येत, ना बाहेर टाकता येत. त्यांच्याभोवती हळूहळू व्रण धरतो, फुप्फुस कडक होत जातं आणि जिना चढताना धाप लागायला लागते. याला ॲस्बेस्टॉसिस म्हणतात. तो दिसायला दहा, वीस वर्षं सहज लागतात. फुप्फुसाचा कर्करोग आणि मेसोथेलिओमा त्याहूनही उशिरा येतात. मेसोथेलिओमा म्हणजे फुप्फुसाच्या किंवा पोटाच्या आवरणाचा कर्करोग. तो तर तीस-चाळीस वर्षांनीही होतो. म्हणजे १९८० साली कामाला लागलेल्या माणसाचा आजार आज समोर येणं हे अगदी नेहमीचं आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सगळ्या प्रकारच्या ॲस्बेस्टॉसला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं आहे. पांढरं ॲस्बेस्टॉस, म्हणजे क्रायसोटाइल, त्यातून सुटलेलं नाही. कारखान्यात 'आमचं पांढरं आहे, सुरक्षित आहे' असं सांगितलं गेलं असेल, तर ते खरं नव्हतं.

डॉक्टर टीबी म्हणाले. कोर्स पूर्ण केला, तरी फरक नाही. आता?

आपल्याकडे खोकला, वजन घटणं आणि एक्स-रेवर डाग दिसले की पहिला संशय टीबीचाच येतो. तो अनेकदा बरोबरही असतो. पण थुंकी निगेटिव्ह, औषधं पूर्ण, तरी दम वाढतोच आहे, असं असेल तर छातीच्या तज्ज्ञाकडे जा. बसल्या बसल्या एक वाक्य स्पष्ट सांगा : 'मी अमुक सालापासून अमुक सालापर्यंत ॲस्बेस्टॉसच्या कामात होतो.' हे वाक्य केसपेपरवर लिहून घ्या. डॉक्टर लिहीत नसतील तर विनंती करा, पुन्हा करा. पुढच्या सगळ्या दाव्याचं मूळ या एका ओळीत असतं. मी पाहिलेल्या फायलींमध्ये सगळ्यांत जास्त वेळा हीच ओळ नसते.

तपासण्या साधारण अशा होतात. छातीचा एक्स-रे, एचआरसीटी स्कॅन, आणि फुप्फुसाची क्षमता मोजणारी पीएफटी. कर्करोगाचा संशय असेल तर बायोप्सी. बायोप्सीचा रिपोर्ट तर जपाच, पण बायोप्सीचा तुकडा ज्यात जपलेला असतो ते प्रयोगशाळेतले मेणाचे ठोकळेही जपून ठेवायला सांगा. मेसोथेलिओमा आहे की दुसरा कर्करोग, यावर पुढे वाद झाला तर त्याच ठोकळ्यांची पुन्हा तपासणी करता येते.

नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या कामगार संहितेत गेलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत ॲस्बेस्टॉसिस हा कळवण्याचा आजार होता. असा रुग्ण पाहणाऱ्या डॉक्टरने मुख्य कारखाना निरीक्षकांना लेखी कळवणं कलम ८९ ने बंधनकारक केलं. फार थोडे डॉक्टर कळवत आले आहेत. तुमच्या डॉक्टरांना या कर्तव्याची आठवण करून द्यायला संकोच करू नका.

मुंबईत खरंच इतक्या लोकांना हा आजार आहे का?

मुंबईतल्या एका ॲस्बेस्टॉस कारखान्याच्या कामगारांवरचा एक अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. तपासलेल्या १८१ कामगारांपैकी पाचात एकाहून जास्त जणांना ॲस्बेस्टॉसिस आढळला. घाटकोपर, मुलुंड, माझगावजवळचा दारूखाना, रेल्वेची वर्कशॉप, गोद्या, औष्णिक वीज केंद्रांतलं पाइपांचं लॅगिंग (उष्णता अडवणारं वेष्टण) : या शहरात ॲस्बेस्टॉस खूप ठिकाणी हाताळलं गेलं. देशात नव्या खाणपट्ट्यांना परवानगी देणं १९८६ पासून थांबलं, पण आयात थांबली नाही आणि सिमेंटच्या पत्र्यांत क्रायसोटाइल अजून वापरलं जातं. साठाहून जास्त देशांनी त्यावर बंदी घातली आहे. ब्रिटनने १९९९ साली घातली, ऑस्ट्रेलियाने २००३ च्या शेवटी. आपण घातली नाही. हे लिहिताना संताप येतो, कारण आज पत्रे कापणाऱ्या पोराचा दावा २०५० साली कुणाला तरी लढावा लागणार आहे.

दावा नक्की कुठल्या कायद्याखाली करायचा?

आधी एकच गोष्ट शोधा : त्या काळात वडिलांचा ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) पगारातून कापला जात होता का?

ईएसआय असेल, तर दावा कर्मचारी राज्य विमा महामंडळाकडे जातो. आजार व्यवसायजन्य ठरला की तो 'कामावरची इजा' धरला जातो आणि अपंगत्वाचा लाभ, मृत्यू झाल्यास अवलंबितांचा लाभ मिळतो. हे पैसे एकरकमी नसतात, दरमहा येतात. अपंगत्व किती टक्के ते वैद्यकीय मंडळ ठरवतं. ॲस्बेस्टॉसिससारखे धुळीचे आजार विशेष मंडळापुढे जातात. निर्णय पटला नाही तर वैद्यकीय अपील न्यायाधिकरणाकडे किंवा थेट कर्मचारी विमा न्यायालयात जाता येतं.

ईएसआय नसेल, तर कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम, १९२३. यात मालकाने एकरकमी पैसे द्यायचे असतात.

दोन्ही मिळत नाहीत. ईएसआय कायद्याच्या कलम ५३ ने विमा असलेल्या कामगाराला त्याच इजेसाठी मालकाकडून वेगळी भरपाई मागायला मनाई केली आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली तो अडसर कायम ठेवला. तसंच १९२३ च्या कायद्याखाली अर्ज केला की त्याच कारणासाठी दिवाणी दावा लावता येत नाही. म्हणून घाईत पहिला मिळेल तो अर्ज भरू नका. एकदा दार निवडलं की दुसरं बंद होतं.

नव्या कामगार संहितांमुळे काय बदललं?

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार संहिता लागू झाल्या. १९२३ चा आणि ईएसआयचा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेला. व्यवसायजन्य आजारांची यादी तिसऱ्या अनुसूचीतच आहे आणि १९२३ च्या कायद्याखालचे दावे ऐकणाऱ्या आयुक्तांच्या जागी 'सक्षम प्राधिकारी' हा शब्द आला आहे. जुन्या कायद्याखाली आधीच उभा राहिलेला हक्क संहिता आली म्हणून बुडत नाही. तुमच्या आजाराची तारीख त्या दिवसाच्या आधीची की नंतरची, हा वकिलाला विचारायचा पहिला प्रश्न ठेवा. खाली कलमं दिली आहेत ती जुन्या कायद्याची आहेत, कारण आज हातात असलेले बहुतेक दावे त्याच काळातले आहेत.

मुदत संपली असेल ना? इतकी वर्षं झाली.

या एका गैरसमजामुळे जितके दावे दाखलच होत नाहीत, तितके कोर्टात हरतही नसतील.

१९२३ च्या कायद्यात मुदत दोन वर्षांची आहे, पण ती काम सोडल्याच्या दिवसापासून मोजत नाहीत. व्यवसायजन्य आजारात, आजारामुळे सलग गैरहजर राहिल्याचा पहिला दिवस हाच अपघाताचा दिवस धरतात. काम सोडल्यावर दोन वर्षांच्या आत लक्षणं दिसली, तर ती पहिल्यांदा आढळल्याचा दिवस धरतात. आता ॲस्बेस्टॉसचे आजार दोन वर्षांत दिसत नाहीत हे उघड आहे, आणि मालकाचा वकील बोट ठेवतो ते इथेच. त्यावर दोन उत्तरं आहेत. पहिलं, कलम ३(२) च्या परंतुकात नोकरी संपल्यानंतर झालेला आजारही, तो त्या कामामुळेच झाला हे सिद्ध केलं तर, अपघाती इजा मानला आहे. दुसरं, उशिराला पुरेसं कारण असेल तर आयुक्त कलम १० खाली उशीर माफ करू शकतात. 'मला ॲस्बेस्टॉसिस आहे हे अमुक तारखेच्या स्कॅननंतर कळलं, त्याआधी टीबीचे उपचार चालू होते' हे कागदासह मांडलं, तर ते पुरेसं कारण ठरू शकतं. टीबीच्या कोर्सची जुनी पुस्तिका म्हणूनच फेकू नका.

मात्र स्कॅनचा रिपोर्ट हातात आल्यानंतर दिवाळी झाल्यावर बघू, मुलीचं लग्न झाल्यावर बघू, असं करू नका. त्या तारखेनंतरचा उशीर समजावून सांगणं कठीण जातं.

आजार कामामुळेच झाला हे आम्ही कसं सिद्ध करणार?

कायदा इथे कामगाराच्या बाजूने थोडा झुकलेला आहे. ॲस्बेस्टॉसमुळे होणारा फुप्फुसाचा कर्करोग आणि मेसोथेलिओमा १९२३ च्या कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीच्या भाग ब मध्ये आहेत. त्या कामात सलग सहा महिने नोकरी झाली असेल आणि नोकरीत असतानाच आजार झाला, तर तो कामामुळे नाही हे मालकाने सिद्ध करायचं असतं. नोकरी संपल्यावर झाला, तर दुवा आपल्याला जोडावा लागतो. ॲस्बेस्टॉसिस भाग क मध्ये आहे. त्यात दोन-तीन मालकांकडे काम झालं असेल तरी चालतं. कोणी किती द्यायचं ते आयुक्त वाटून देतात.

तिथे काम केलं हे मात्र कागदाने दाखवावं लागतं. नेमणूकपत्र, पगारपावत्या, गेटपास, ईएसआयचं कार्ड, फंडाची स्लिप, ग्रॅच्युइटीचा हिशेब, युनियनच्या वर्गणीच्या पावत्या. घरातली जुनी ट्रंक उघडा. काहीच नसेल तर भविष्यनिर्वाह निधी कार्यालयात जुना खाते क्रमांक शोधता येतो, आणि त्याच खात्यातल्या दोन सहकाऱ्यांची शपथपत्रं घेता येतात. सहकारी म्हातारे आहेत, त्यांच्याकडे आजच जा. कोणतं मशीन, किती धूळ, गोण्या कशा फोडायचे, मास्क म्हणून रुमाल होता की तोही नव्हता, हे सगळं तपशिलाने लिहून घ्या. नुसतं 'धुळीचं काम होतं' एवढं पुरत नाही.

कारखान्याची तपासणी झाली होती का, हवेतल्या तंतूंची मोजणी कधी केली, याची माहिती औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे माहिती अधिकारात मागा.

कंपनी म्हणते, इतका जुना रेकॉर्ड आमच्याकडे नाही.

मग त्यांना २७ जानेवारी १९९५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल दाखवा : कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटर विरुद्ध भारत सरकार. कामगाराचं आरोग्य हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं त्यात न्यायालयाने म्हटलं. आणि ॲस्बेस्टॉस उद्योगांना आदेश दिला की प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरी लागल्यापासून किमान ४० वर्षं, किंवा नोकरी संपल्यावर १५ वर्षं, यांपैकी जे नंतर येईल तोपर्यंत ठेवायची. २०११ साली बंदीची मागणी करणारी याचिका न्यायालयाने फेटाळली, पण १९९५ चे आदेश पाळायचेच, हे तेव्हाही सांगितलं.

तेव्हा आधी कंपनीला रजिस्टर पोस्टाने पत्र लिहून वैद्यकीय नोंदी मागा. त्या मुदतीत असूनही दिल्या नाहीत, तर पोस्टाची पोचपावती हाच तुमच्या बाजूचा पुरावा होतो.

याच निकालात अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने आजार प्रमाणित केल्यास प्रत्येक कामगाराला १ लाख रुपये, तेही तीन महिन्यांत, द्यायला सांगितलं होतं. त्या काळी ही रक्कम मोठी होती. निकालातला आकडा महागाईबरोबर वाढत नाही, म्हणून फक्त त्यावर अवलंबून राहू नका.

किती पैसे मिळतात?

१९२३ च्या कायद्याचं गणित असं. पूर्ण आणि कायमचं अपंगत्व असेल तर महिन्याच्या पगाराच्या ६० टक्के गुणिले वयाप्रमाणे ठरलेला गुणक. मृत्यू असेल तर ५० टक्के गुणिले तोच गुणक. जानेवारी २०२० पासून हिशेबासाठी पगार जास्तीत जास्त १५,००० रुपये धरतात.

साठ वर्षांचा गुणक ११७.४१ आहे. पगार १५,००० धरला तर पूर्ण अपंगत्वाचे ९,००० गुणिले ११७.४१, म्हणजे १०,५६,६९० रुपये. मृत्यूचे ८,८०,५७५. अपंगत्व ४० टक्के ठरलं तर पहिल्या रकमेच्या ४० टक्के, ४,२२,६७६. वय कमी असेल तर गुणक वाढतो, पन्नाशीला तो १५३.०९ आहे.

निवृत्त माणसाच्या बाबतीत पगार कोणता धरायचा यावर भांडण होऊ शकतं. मालकाची बाजू पंचवीस वर्षांपूर्वीचा शेवटचा पगार पुढे करते. त्यासाठी तयारीने जा.

देय झाल्यापासून एका महिन्यात पैसे दिले नाहीत तर १२ टक्के व्याज लागतं, आणि उशिराला समर्थन नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंडही. व्याजाची मागणी मूळ अर्जातच लिहा.

वडील ठेकेदाराकडे होते. ठेकेदार आता सापडत नाही.

१९२३ च्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे ज्याच्या कामासाठी ठेकेदार नेमला होता तो मुख्य मालकही जबाबदार असतो. लॅगिंगवाले, रंगारी, बोटी तोडणारे, सगळ्यांना हे लागू पडतं. मुख्य मालकाने पैसे भरून नंतर ठेकेदाराच्या मागे लागायचं. तो त्यांचा प्रश्न.

व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती) घेताना 'यापुढे कोणतीही मागणी करणार नाही' यावर सही केली होती.

नुकसानभरपाईचा हक्क सोडून देणारा करार १९२३ च्या कायद्याच्या कलम १७ ने शून्य ठरवला आहे. त्या सहीला घाबरू नका.

वडील विड्या ओढायचे. दावा संपला?

नाही. मेसोथेलिओमाचा विडी-सिगारेटशी संबंध नाही. फुप्फुसाच्या कर्करोगात तंबाखू आणि ॲस्बेस्टॉस एकत्र आले की धोका नुसता बेरीज होऊन वाढत नाही, त्याहून कितीतरी जास्त होतो. म्हणजे विडी ओढणाऱ्या माणसाला ॲस्बेस्टॉसपासून जपणं तर जास्तच गरजेचं होतं. विचारलं तर खरं सांगा. लपवलेली विडी उलटतपासणीत निघाली की बाकीच्या साक्षीवरचा विश्वासही जातो.

ते वारले. आता काय करता येईल?

अवलंबितांना दावा करता येतो : पत्नी, अज्ञान मुलं, विधवा आई यांना प्रामुख्याने. मृत्यूची भरपाई मालकाने घरी येऊन हातात द्यायची नसते. ती आयुक्तांकडेच जमा करावी लागते, तरच ती कायद्याने दिली असं धरतात. कुणी रोख रक्कम देऊन कागदावर अंगठा मागत असेल तर देऊ नका.

मृत्यूच्या दाखल्यावर नुसतं 'हृदयक्रिया बंद पडल्याने' असं लिहिलं तर पुढे फार त्रास होतो. मूळ आजार लिहायला सांगा. आणि हे बोलणं जड जातं तरी लिहितो : निदान आधी पक्कं झालं नसेल, तर अंत्यसंस्काराच्या आधी शवविच्छेदनाचा विचार करा. त्यानंतर फुप्फुसाचा पुरावा उरत नाही.

आई कारखान्यात कधी गेली नाही, फक्त वडिलांचे कपडे धुवायची. तिला मेसोथेलिओमा झाला.

असं होतं. कपड्यांवरून घरी आलेल्या तंतूंनी बायका-मुलांना आजार झाल्याची उदाहरणं जगभर आहेत. पण आपले वरचे दोन्ही कायदे फक्त कामगारासाठी आहेत, त्यामुळे आईसाठी दिवाणी दावा किंवा उच्च न्यायालयात याचिका एवढाच मार्ग उरतो. तो लांबचा आणि खर्चाचा आहे. इंग्लंडमध्ये लीड्सजवळच्या आर्मली भागात लहानपणी कारखान्याच्या धुळीत खेळलेल्या रहिवाशांच्या बाजूने १९९५ साली निकाल लागला, आणि पुढच्या वर्षी तो अपिलातही टिकला. कामगार नसलेल्या माणसांप्रतीही कारखान्याचं कर्तव्य असतं, हे त्यात मान्य झालं. आपल्या न्यायालयांना तो बांधील नाही, पण युक्तिवादात जरूर वापरता येतो.

कंपनी मूळची परदेशी होती. तिथे दावा लावता येईल का?

कधी कधी. घाटकोपरची हिंदुस्तान फेरोडो ही ब्रिटनच्या टर्नर अँड न्यूऑल समूहातली होती. तो समूह २००१ साली दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेला आणि दाव्यांसाठी विश्वस्त निधी उभे राहिले. तुमची नोकरी कुठल्या काळातली, त्या वेळी मालकी कुणाची, यावर पात्रता ठरते. दक्षिण आफ्रिकेतल्या हजारो ॲस्बेस्टॉस पीडितांना केप या ब्रिटिश कंपनीवर इंग्लंडमध्येच दावा चालवू द्यावा, असा निकाल २००० साली हाउस ऑफ लॉर्ड्सने दिला होता.

रत्नागिरी, सिंधुदुर्ग, गोव्याकडचे जे ब्रिटिश जहाजांवर इंजिनरूममध्ये होते, त्यांनी सीडीसी (खलाशाचं नोंदपुस्तक) आणि डिस्चार्जच्या, म्हणजे जहाजावरून उतरल्याच्या, नोंदी जपाव्यात. बॉयलर आणि पाइपांवर तेव्हा ॲस्बेस्टॉसच असायचं. इंग्लंडमध्ये मुदत साधारण तीन वर्षांची, आणि आजार व त्याचं कारण कळल्यापासून मोजली जाते.

गावाला राहतो. मुंबईला खेपा घालाव्या लागतील का?

१९२३ च्या कायद्याखालचा अर्ज कामगार किंवा त्याचे अवलंबित जिथे राहतात तिथल्या आयुक्तांकडेही करता येतो. पाटणला राहणाऱ्याने साताऱ्यात अर्ज करावा. दम लागणाऱ्या माणसासाठी ही फार मोठी सोय आहे.

वकिलाची फी कशी द्यायची?

औद्योगिक कामगाराला उत्पन्न न बघता मोफत विधी साहाय्य मिळतं. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ मध्ये तसं लिहिलं आहे. स्त्रियांनाही मिळतं, म्हणजे विधवा पत्नीलाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात साधा अर्ज द्या. तुमच्या जिल्ह्यात आयुक्तांचं काम कोणतं न्यायालय पाहतं, तेही तिथेच कळेल.

'मिळालेल्या पैशात तीस टक्के माझे' असं सांगणाऱ्या वकिलापासून लांब राहा. निकालावर अवलंबून फी ठरवणं किंवा रकमेत वाटा घेणं वकिलांच्या आचारनियमांनुसार निषिद्ध आहे. दवाखान्याबाहेर फॉर्म भरून घेणाऱ्या एजंटांना मूळ रिपोर्ट देऊ नका, झेरॉक्स द्या.

घरावर सिमेंटचे पत्रे आहेत. आम्हालाही दावा करता येईल?

आजार नसेल तर नाही. धड पत्र्यातून तंतू फारसे सुटत नाहीत. कापताना, भोकं पाडताना, कोरडं घासताना किंवा फोडताना सुटतात. पत्रे काढायचे असतील तर ओले करून, न फोडता, अख्खे उतरवा आणि मुलांना त्या वेळी लांब ठेवा.

निकाल आमच्या बाजूने लागला आणि कंपनी अपिलात गेली तर?

कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच उच्च न्यायालयात अपील चालतं, आणि मालकाला आधी पूर्ण रक्कम जमा करून त्याचं प्रमाणपत्र अपिलाला जोडावं लागतं. ते जोडलं नसेल तर तुमच्या वकिलाने पहिल्याच तारखेला हरकत घ्यावी. रक्कम जमा असेल तर उपचारांच्या खर्चासाठी त्यातला काही भाग काढू द्यावा, असा अर्ज त्याच वेळी करा. रुग्णाची प्रकृती सांगणारं ताजं वैद्यकीय प्रमाणपत्र त्याला जोडा.